प्रश्न तुमचे: मॅक्झिमाची सूत्रं दुसऱ्या भाषेत नेताना

संगणकावरच्या बीजगणिताचा कोड, त्यातही मॅक्झिमा या बीजगणित करणाऱ्या प्रोग्राममधला, लिस्प या संगणकभाषेच्या मदतीने पायथन किंवा फोर्ट्रानमध्ये कसा न्यायचा, याबद्दल खानदेशातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आधी एक सूचना. अंकात सगळा मजकूर देवनागरीत छापला जातो, त्यामुळे आज्ञा आणि चिन्हांची नावंही देवनागरीत दिसतील. यंत्रावर टंकताना मात्र त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे वापरा. 'एमप्लस' म्हणजे एम अक्षराला प्लस हा शब्द जोडायचा, मध्ये जागा सोडायची नाही. 'एमटाइम्स'चंही तसंच. 'एमएक्सप्ट'मधलं एक्सप्ट म्हणजे ई, एक्स, पी, टी ही चार अक्षरं.

प्रश्न : विभागातली जुनी मॅक्झिमा फाइल पायथनमध्ये न्यायची आहे, साधारण चारशे ओळी आहेत. एडिटरमध्ये 'शोधा आणि बदला' वापरून ^ च्या जागी ** आणि : च्या जागी = घातलं, तर सगळं विस्कटलं. सर म्हणाले, लिस्पने कर. लिस्प उघडून पाहिलं तर कंसच कंस. हाई काय शे भाऊ? लिस्प शिकू, की हातानेच उतरवू?
(एमएस्सीचा विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर : फाइलमध्ये दहा-पंधराच सूत्रं असतील आणि बाकी छापायच्या ओळी असतील, तर हाताने उतरवा. लांबलचक सूत्रं असतील, किंवा मूळ फाइल पुढे बदलत राहणार असेल, तर लिस्प. हाताने उतरवलेल्या लांब सूत्रात एक वजाचं चिन्ह सुटलं तर ते शोधायला उतरवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

'शोधा आणि बदला' का फसलं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मॅक्झिमात : म्हणजे चलाला किंमत देणं, := म्हणजे फलनाची व्याख्या, आणि = म्हणजे समीकरण. तुम्ही : च्या जागी = घातल्यावर := चं झालं ==, जे पायथनमध्ये तुलनेचं चिन्ह आहे. आणि किंमत देणं व समीकरण या दोन वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसू लागल्या. अक्षरं बदलून भाषा बदलत नाही. सूत्राची रचना ओळखावी लागते, आणि ती ओळखायचं काम मॅक्झिमाने आधीच करून ठेवलेलं असतं.

मॅक्झिमा स्वतः लिस्पमध्ये लिहिलेली आहे. तिची पूर्वज मॅक्सिमा (स्पेलिंगमध्ये सी-एस-वाय) एमआयटीत १९६८ पासून मॅकलिस्प या लिस्पच्या बोलीत घडत गेली. विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मध्ये निधन होईपर्यंत तिची एक आवृत्ती सांभाळली, ती कॉमन लिस्पवर आणली आणि १९९८ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली खुली करण्याची परवानगी मिळवली. तीच आजची मॅक्झिमा. म्हणून तुम्ही टंकलेलं प्रत्येक सूत्र आत लिस्पची यादी होऊन बसतं. ती यादी बघा. मॅक्झिमात एक्स^२+१; टंका आणि पुढच्या ओळीवर :लिस्प $% द्या. असं दिसेल:

((एमप्लस सिम्प) १ ((एमएक्सप्ट सिम्प) $एक्स २))

वाचायची रीत एकच. पहिल्या आतल्या कंसात क्रियेचं नाव, त्यानंतर तिची पदं. बाहेर बेरीज, तिची दोन पदं: १, आणि एक घात. घाताची दोन पदं: $एक्स आणि २. क्रियेच्या नावाशेजारचं 'सिम्प' म्हणजे या पदावर सरलीकरण होऊन गेलं आहे ही खूण. चलाच्या नावाआधीचं $ ही मॅक्झिमातल्या नावांची खूण.

आता तीन गोष्टी करून बघा. ए-बी दिलंत तर आत वजाबाकी सापडणार नाही, सापडेल ए आणि (-१ गुणिले बी) यांची बेरीज. ए/सी दिलंत तर भागाकार सापडणार नाही, सापडेल ए गुणिले सीचा -१ घात. एक्सचं वर्गमूळ दिलंत तर एक्सचा अर्धा घात, आणि अर्धा म्हणजे ((रॅट सिम्प) १ २). म्हणजे तुमच्या भाषांतराला ओळखायच्या मुख्य क्रिया चारच: एमप्लस, एमटाइम्स, एमएक्सप्ट, रॅट. त्यांच्यापुढे साइनसारखी फलनं येतात, ती ((%साइन सिम्प) $एक्स) अशी दिसतात. नावाआधी $ ऐवजी % असतं. यादी एमलिस्ट, समीकरण एमइक्वल.

भाषांतर करणारं फलन हे झाड, म्हणजे एकात एक बसलेल्या याद्यांची ही रचना, वरून खाली वाचतं. समोर आकडा आला तर आकडा लिहायचा. चल आला तर नाव लिहायचं. क्रिया आली तर तिच्या प्रत्येक पदासाठी स्वतःलाच बोलावायचं आणि मिळालेले तुकडे योग्य चिन्हाने जोडायचे. एवढ्यासाठी लिस्पमधलं जे लागतं ते थोडं आहे: कार (यादीचा पहिला घटक), सीडीआर (उरलेली यादी), ॲटम, कॉन्ड, केस, डिफन, मॅपकार आणि तुकडे जोडायला कॉनकॅटिनेट. बाकीचं लिस्प नंतर शिका.

प्रश्न : मॅक्झिमा बसवलं. पण लिस्पची ओळ दिली की कधी चालते, कधी लाल अक्षरं येतात. 'व्हेरिएबल एमप्लस अनबाउंड' म्हणजे काय? आणि मी एक्स लिहितो तर लिस्पमध्ये कॅपिटल एक्स का दिसतं?
(बीसीएची विद्यार्थिनी, भुसावळ)

उत्तर : :लिस्प ही ओळ ओळीच्या अगदी सुरुवातीला हवी आणि शेवटी अर्धविराम किंवा $ नको. दुसऱ्या आज्ञेच्या पोटात ती चालत नाही. सतत लिस्पमध्येच राहायचं असेल तर टू_लिस्प(); द्या, परतताना (टू-मॅक्झिमा).

'अनबाउंड' म्हणजे तुम्ही नाव लिहिलंत आणि लिस्पने त्याची किंमत शोधायला घेतली. तुम्हाला नावच हवं होतं. नावाआधी एकेरी अवतरण द्या: 'एमप्लस. केसच्या आतल्या नावांना मात्र हे अवतरण लावायचं नाही, तिथे नाव नावच राहतं. नवख्याची निम्मी अडचण या दोन वाक्यांत असते.

कॅपिटलचं असं: कॉमन लिस्प वाचताना सगळी अक्षरं मोठी करतं, मॅक्झिमात मात्र लहान-मोठं वेगळं. म्हणून मॅक्झिमा नाव उलटवते. तुमचं लहान एक्स लिस्पमध्ये मोठं, तुमचं मोठं एक्स लिस्पमध्ये लहान. दोन्ही मिसळलेलं नाव आहे तसंच राहतं. हे उलटवणं स्वतः करत बसू नका. नाव अक्षरांत हवं असेल तेव्हा मॅक्झिमाचंच एसकॉन्कॅट बोलवा, ते $ काढून आणि अक्षरं सुलटी करून देतं.

उबुंटूवर असाल तर पॅकेज यादीतून मॅक्झिमा, डब्ल्यूएक्स-मॅक्झिमा आणि एसबीसीएल ही तिन्ही घ्या. एसबीसीएल म्हणजे कॉमन लिस्प चालवणारा प्रोग्राम; तो वेगळा असला की लिस्पचे छोटे प्रयोग मॅक्झिमाशिवाय करता येतात. एडिटर असा घ्या जो कर्सरखालच्या कंसाची जोडी दाखवतो. कंस मोजू नका. एडिटरने ओळ जिथे सरकवली ती जागा बघा. ओळ अनपेक्षित ठिकाणी सरकली, तर कंस तिच्या आधीच्या ओळीत चुकला आहे.

प्रश्न : फलन लिहिलं, चालतंही. पण (ए+बी)*सी चं ए+बी*सी होतं, आणि ए-बी चं ए+-१*बी. सगळीकडे कंस घातले तर निकाल वाचताच येत नाही. मधला मार्ग आहे का?
(तंत्रनिकेतनातले अध्यापक, धुळे)

उत्तर : आहे, आणि या सगळ्या कामात खरा विचार इथेच लागतो. झाडात कंस नसतात, कारण झाडाला त्यांची गरजच नसते. ते तुम्ही सूत्र ओळीत लिहिताना जन्माला येतात. म्हणून कंस कधी लागतो हे तुम्हाला ठरवावं लागतं. प्रत्येक पदाला एक बळ द्या. आतल्या पदाचं बळ बाहेरच्या क्रियेने मागितलेल्या बळापेक्षा कमी असेल तरच कंस.

(डिफन बळ (ई)
  (कॉन्ड
    ((अँड (रिअलपी ई) (मायनसपी ई)) ५)
    ((ॲटम ई) १००)
    (टी (केस (कार (कार ई))
      (रॅट (इफ (मायनसपी (सेकंड ई)) ५ १५))
      (एमप्लस १०)
      (एमटाइम्स २०)
      (एमएक्सप्ट ३०)
      (टी १००)))))

(डिफन कंसात (ई न)
  (इफ (< (बळ ई) न)
      (कॉनकॅटिनेट 'स्ट्रिंग "(" (लिही ई) ")")
      (लिही ई)))

'लिही' हे तुमचं मुख्य फलन. त्यात बेरजेची पदं कंसात-कडे १० मागून पाठवा, गुणाकाराची २० मागून. घाताचा पाया ३१ मागून आणि घातांक ३० मागून. फलनाच्या आतल्या पदासाठी ० मागा, तिथे कंस आधीच असतात.

पायाला ३१ का, हे बऱ्याच जणांकडून सुटतं. पायथन आणि फोर्ट्रान या दोन्हींत ए**बी**सी उजवीकडून वाचतात, म्हणजे ए**(बी**सी). झाडात जर (ए चा बी घात) चा सी घात असेल, तर पायाला कंस लागणारच, आणि त्याचं बळ ३० असल्यामुळे ३१ मागितल्याशिवाय तो मिळत नाही. तुमच्या सध्याच्या फलनात ही चूक लपलेली असण्याची शक्यता मोठी आहे. (एक्स^वाय)^झेड देऊन बघा.

ऋण आकड्याचं बळ ५ ठेवलं, कारण फोर्ट्रानला दोन चिन्हं शेजारी चालत नाहीत. एक्स+-३ पायथन सहन करतं, फोर्ट्रानच्या नियमांत ते बसत नाही. ५ असल्यामुळे बेरजेतही (-३) असं निघतं. अपूर्णांकाला १५ दिलं, म्हणजे गुणाकारात आणि घातात त्याला कंस मिळतो, नुसत्या बेरजेत मिळत नाही. निकाल थोडा ओबडधोबड दिसेल, पण चुकीचा नसेल. आधी बरोबर करा, देखणं नंतर.

देखणं करताना आता ए+(-१)*बी कडे या. सरलीकरण झालेल्या गुणाकारात आकडा असेल तर तो नेहमी पहिलं पद असतो. म्हणून बेरजेत पुढचं पद एमटाइम्स असेल आणि त्याचं पहिलं पद ऋण असेल, तर + ऐवजी - लिहा आणि आकड्याचं चिन्ह उलटवून उरलेला गुणाकार लिहा. उलटवल्यावर १ उरला तर तो गाळा. भागाकारासाठीही असंच: गुणाकारातली ऋण घातांकाची पदं वेगळी गोळा करा आणि छेदात लिहा. छेदात दोन पदं असली तर अख्ख्या छेदाला कंस, नाहीतर ए/बी*सी निघतं, जे (ए/बी)*सी असं वाचलं जातं. ही चूक चालवल्यावर कुठेही तक्रार करत नाही, नुसतं उत्तर चुकवते.

बेरजेतल्या पदांचा क्रम आत चढता असतो आणि मॅक्झिमा पडद्यावर उलटा दाखवते. तुम्हाला पडद्यासारखा क्रम हवा असेल तर रिव्हर्स वापरा. एनरिव्हर्स किंवा सॉर्ट थेट सूत्राच्या यादीवर चालवू नका. ती मूळ यादीच मोडतात, आणि तोच तुकडा मॅक्झिमाने दुसऱ्या सूत्रातही वापरलेला असू शकतो. मग ज्या सूत्राला तुम्ही हातही लावला नाही ते बिघडलेलं सापडतं, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

उलट दिशेचीही एक काळजी आहे. लिस्पमधून नवं सूत्र बांधून मॅक्झिमाला देत असाल तर क्रियेच्या कंसात 'सिम्प' स्वतः लिहू नका. ती खूण दिसली की सरलीकरण त्या पदाला स्पर्श करत नाही, आणि एक्स+एक्स तसंच पडून राहतं. ((एमप्लस) $एक्स $एक्स) असं द्या, २*एक्स करून घेणं हे मॅक्झिमाचं काम.

प्रश्न : केळीच्या बागेच्या ठिबकसाठी नळीतला घर्षणाचा तोटा काढतो. हेझन-विल्यम्सचं सूत्र मॅक्झिमात मांडलं, रॅटसिम्प केलं आणि लिस्पने फोर्ट्रानमध्ये काढलं. लांबी १०० मीटर, प्रवाह सेकंदाला ५ लिटर, आतला व्यास ७५ मिलिमीटर, सी (नळीच्या गुळगुळीतपणाचा गुणांक) १५०. कॅल्क्युलेटरवर तोटा १.६४ मीटर येतो, फोर्ट्रान १०५३ मीटर दाखवतं. सूत्र दहा वेळा तपासलं, दादा.
(कृषी पदवीधर, रावेर)

उत्तर : सूत्र बरोबर आहे. चूक अपूर्णांकांत आहे, आणि तुमचा १०५३ कसा आला ते आकडा आकडा मांडून दाखवता येतं.

तुमचं सूत्र: तोटा = १०.६७ × लांबी × प्रवाह^१.८५२ ÷ (सी^१.८५२ × व्यास^४.८७). रॅटसिम्प चालवताना 'रॅट: रिप्लेस्ड' अशी ओळ पडद्यावर आली असेल. तिथे मॅक्झिमाने दशांशांचे अपूर्णांक केले: १०.६७ चे १०६७/१००, १.८५२ चे ४६३/२५०, ४.८७ चे ४८७/१००. मॅक्झिमासाठी हे अचूक आहे. तुमच्या फलनाने रॅट पद पूर्णांक भागिले पूर्णांक असं लिहिलं, आणि फोर्ट्रानमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उरलेला भाग टाकून दिला जातो. १०६७/१०० झाले १०, ४६३/२५० झाला १, ४८७/१०० झाले ४. आता करा: १० × १०० × ०.००५ म्हणजे ५. खाली १५० × ०.०७५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.००४७४६. भागाकार १०५३.

दुरुस्ती एका ओळीची: रॅटच्या फांदीत, म्हणजे 'लिही'च्या रॅट हाताळणाऱ्या भागात, दोन्ही आकड्यांपुढे .०डी० लावा, म्हणजे ४६३.०डी०/२५०.०डी०. सी भाषेसाठी काढत असाल तर नुसतं .० पुरे, पण तिथे घाताचं चिन्हच नाही, पॉव हे फलन लिहावं लागतं. पायथन ३ मध्ये एकच तिरपी रेघ दशांशात भागते, म्हणून तिथे हा दोष दिसत नाही. सिम्पाय या पायथनच्या बीजगणिताच्या पॅकेजसाठी काढत असाल तर मात्र उलट अडचण येते, अपूर्णांक अचूक राहण्यासाठी रॅशनल(४६३, २५०) असं लिहायला हवं.

तुमचं नशीब एवढं की १०५३ हा आकडा उघड चुकीचा होता. नुसत्या व्यासाच्या घातांकात अशी चूक असती तर उत्तर पटण्यासारखं दिसलं असतं आणि नळी चुकीच्या मापाची आली असती. म्हणून प्रत्येक भाषांतरित सूत्र किमतींवर तपासा: तेच चल, त्याच किमती, मॅक्झिमात फ्लोट करून एक उत्तर, नव्या भाषेत दुसरं. फरक उत्तराच्या १०^-१२ पटीच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. दुहेरी अचूकतेत साधारण सोळा अंक मिळतात, त्यातले शेवटचे काही आकडेमोडीत जातात. जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असेल तर थोडा जास्त फरक चालेल.

किमती निवडताना ०, १, २ घेऊ नका. एक्सचा वर्ग आणि एक्सची दुप्पट ० ला सारखी, २ लाही सारखी. १ ला तर कुठलाही घात चुकला तरी कळत नाही. ०.३७, १.९, -२.६ अशा ओबडधोबड किमती घ्या आणि प्रत्येक सूत्र निदान पाच ठिकाणी तपासा. ऋण किंमत अपूर्ण घाताखाली किंवा लॉगखाली गेली की मॅक्झिमा संमिश्र संख्या देते आणि पायथनचं मॅथ.लॉग चूक दाखवून थांबतं. ती भाषांतराची चूक समजू नका, पण नोंद मात्र ठेवा.

मोठ्या पूर्णांकांचंही बघा. मॅक्झिमात पूर्णांकाला मर्यादा नाही. फोर्ट्रानच्या नेहमीच्या ३२ बिटांत २१४७४८३६४७ पर्यंतच मावतं: १२ चं क्रमगुणित ४७९००१६०० मावतं, १३ चं मावत नाही. आकडा त्याहून मोठा असेल तर 'लिही'तच त्याला दशांश करून टाका.

प्रश्न : सूत्रं जमली. पण फाइलमध्ये फॉर, इफ, ब्लॉक आणि ॲरेही आहेत. त्यांचं काय? आणि ट्रान्सलेट_फाइल नावाची आज्ञा आहे म्हणतात, तीच वापरली तर?
(संगणक शिक्षिका, नंदुरबार)

उत्तर : ताई, ट्रान्सलेट_फाइल मॅक्झिमाच्या फाइलचं लिस्प करते. वेग वाढवायला ती उपयोगी, पायथन हवं असेल तर नाही. फोर्ट्रान हवं असेल आणि सूत्रं सुटी असतील तर मॅक्झिमाची तयार फोर्ट्रान ही आज्ञा आधी वापरून बघा. लाटेक हवं असेल तर टेक. तयार आहे ते पुन्हा लिहू नका.

फॉर, इफ यांचीही झाडंच असतात: किंमत देणं एमसेटक्यू, व्याख्या एमडिफाइन, ब्लॉक म्हणजे एमप्रॉग, इफ म्हणजे एमकॉन्ड, फॉर म्हणजे एमडू. त्यांच्यासाठी 'लिही'त आणखी फांद्या घाला, पण प्रत्येक ओळीआधी किती जागा सोडायची तो आकडा दुसरा घटक म्हणून बरोबर न्या. पायथनमध्ये जागा हाच व्याकरणाचा भाग. यात एक फरक लक्षात ठेवायचा. फाइल न चालवता नुसती वाचलीत तर सरलीकरण झालेलं नसतं, म्हणून तिथे एममायनस आणि एमकोशंट, म्हणजे एका पदाआधीचं ऋण चिन्ह आणि खरा भागाकार भेटतात. दोन्हींना फांदी द्या, नाहीतर ती अनोळखी फलनं म्हणून छापली जातील.

ॲरेमध्ये दोन ठिकाणी पाय घसरतो. एफ(आय) आणि एफ[आय] या दोन्हींची क्रिया एकच दिसते, $एफ. फरक फक्त आतल्या कंसात 'ॲरे' ही खूण आहे की नाही एवढाच. म्हणून कार-कार बघून भागत नाही, (मेंबर 'ॲरे (कार ई)) हेही विचारा. दुसरं, मॅक्झिमाच्या यादीचा पहिला घटक १ क्रमांकाचा, पायथनचा ० क्रमांकाचा; पण ॲरे(ए, १०) ने केलेल्या ॲरेचे क्रमांक ० ते १०, म्हणजे घटक अकरा. सगळीकडे डोळे झाकून १ वजा केलात तर याद्या सुधारतील आणि ॲरे बिघडतील. फॉर आय:१ थ्रू १० चं रेंज(१, ११) होतं, कारण थ्रूमध्ये शेवटचा धरला जातो, रेंजमध्ये नाही.

रॅट( ) ने केलेली किंमत कधी समोर आली तर तिची क्रिया एमरॅट असते आणि आतली रचना पूर्ण वेगळी असते. ती वाचायचा प्रयत्न करू नका, आधी रॅटडिसरेप लावा.

आणि 'लिही'ची शेवटची फांदी, म्हणजे कुठेच न बसलेल्या पदासाठीची, ही नेहमी चूक दाखवून थांबणारी ठेवा. एरर देऊन ते पद छापा. गप्प बसून काहीतरी लिहिणारी फांदी ठेवलीत तर चारशे ओळींत एक चुकीचा शब्द कुठे आहे ते कुणी सांगणार नाही.

प्रश्न : चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाबद्दल वर्गात सांगतो, तेव्हा मुलं विचारतात की भास्कराचार्य बहुपदी कशी लिहीत. मॅक्झिमातली बहुपदी त्यांच्या पद्धतीने छापता येईल का?
(गणिताचे शिक्षक, चाळीसगाव)

उत्तर : येईल, आणि नवख्यासाठी यापेक्षा चांगला पहिला सराव सुचत नाही. लक्ष्य-भाषा लहान, नियम मोजके, आणि भाषांतर बरोबर आहे का ते एका नजरेत कळतं. तुमच्या तालुक्यातल्या त्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तो अभ्यास तिथून चार पावलांवर पुन्हा व्हावा, हे मनापासून वाटतं.

पद्धत अशी. पहिली अज्ञात राशी यावत्तावत्, तिचं आद्याक्षर या. पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक: का, नी, पी, लो. सुटी संख्या रूप, म्हणून रू. वर्गाला व, घनाला घ, चौथ्या घाताला वव. सहगुणक अक्षरानंतर येतो. बेरजेचं चिन्ह नाही, पदं शेजारी ठेवली की झाली बेरीज. म्हणजे ३एक्स²+५एक्स+७ चं:

याव ३ या ५ रू ७

ऋण पदाच्या आकड्यावर बिंदू. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक, आणि एखाद्या बाजूला पद नसेल तर तिथे ० सहगुणक लिहून जागा भरायची. क्रियेचं चिन्ह नाही आणि कोणतं पद कशाचं हे आधी सांगणारं अक्षर, म्हणजे मॅक्झिमाच्या आतल्या यादीशी हिचं नातं मुलांना फळ्यावर दाखवता येईल.

एकाच राशीच्या बहुपदीसाठी झाड चालायचीही गरज नाही. आधी एक्सपँड, मग हायपॉव ने सर्वांत मोठा घात काढा, आणि तिथपासून ० पर्यंत उतरत प्रत्येक घाताचा सहगुणक कोएफ ने घ्या. घातांक ४, ३, २, १, ० साठी यावव, याघ, याव, या, रू अशी पाच शब्दांची यादी ठेवा. अपूर्णांक असतील तर सुरुवातीला समीकरणाच्या दोन्ही बाजूंना छेदांच्या लसाविने गुणा.

देवनागरी आकडे करायला शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६. म्हणजे अंकात २४०६ मिळवा आणि कोड-कॅर ला द्या. ७ चे २४१३, आणि ७ मिळतो. आकडा आधी अक्षरांत करा, मग एकेक अंक बदला. ऋण आकड्यासाठी बिंदूचं जोडचिन्ह क्रमांक ७७५. ते अंकानंतर जोडायचं आणि सहगुणकाची निरपेक्ष किंमत लिहायची. दोन अंकी सहगुणक असेल तर बिंदू फक्त शेवटच्या अंकानंतर द्या, नाहीतर प्रत्येक अंकावर उमटतो.

हे सगळं एसबीसीएलवरच्या मॅक्झिमात करा, त्याला युनिकोड नीट कळतं. विंडोजच्या काळ्या खिडकीत चौकोन दिसू लागले तर मॅक्झिमा सुरू करण्याआधी सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा द्या. तरीही बिंदू आकड्यावर न बसता शेजारी पडत असेल तर दोष फाँटचा आहे: निकाल फाइलमध्ये लिहा, ती यूटीएफ-८ म्हणून ब्राउझरमध्ये उघडा आणि दुसरा देवनागरी फाँट लावून बघा.